कोड कंपनीचा, मशीन कंपनीच्या पसंतीचं, तारीखही कंपनीचीच: सायबरपंक २०७७ चं प्रकरण

१० डिसेंबर २०२० ला सायबरपंक २०७७ हा व्हिडिओ गेम रिलीज झाला तेव्हा ८० लाख प्री-ऑर्डर आधीच झालेल्या होत्या. तीन दिवस आधी, ७ डिसेंबरला, जगभरचे रिव्ह्यू एकदम बाहेर पडले होते आणि बहुतेकांचा सूर 'बग आहेत, पण काय गेम आहे राव' असाच होता, रिव्ह्यूंची सरासरी काढणाऱ्या मेटाक्रिटिक साइटवर थेट नव्वदीत. मग लोकांनी साध्या पीएस४ मध्ये, म्हणजे सोनीच्या प्लेस्टेशन ४ कन्सोलमध्ये, डिस्क टाकली. माणसांचे चेहरे लोडच होईनात, गोळीबार चालू असताना चित्र अडकतंय, रस्ते ओसाड, आणि मधेच गेम क्रॅश होऊन परत कन्सोलच्या मेन्यूवर. आठवड्याभरात सोनीने हा गेम स्वतःच्या स्टोअरवरून काढून टाकला. एवढ्या मोठ्या गेमवर अशी वेळ येते हे त्याआधी कुणी बघितलंच नव्हतं.

आता साधा प्रश्न आहे. जगातले झाडून सगळे गेमिंग पत्रकार हा गेम खेळून लिहीत बसले होते, तर मग पीएस४ वाल्याला हे कुणीच आधी का सांगितलं नाही? उत्तर 'सगळे विकले गेलेत' असं एका वाक्यात देऊन मोकळं होता येतं, आणि तेव्हा कमेंट्समध्ये तेच चाललं होतं, पण ते खरं नाही. त्याच महिन्यात त्याच लोकांपैकी काहींनी असं काम केलं जे कंपनीने कधीच केलं नसतं. म्हणून हे प्रकरण जरा नीट उघडून बघायला पाहिजे.

आधी थोडी पार्श्वभूमी. सीडी प्रोजेक्ट ही वॉर्साची कंपनी, १९९४ मध्ये दोन मित्रांनी परदेशी सॉफ्टवेअरच्या सीडी आणून विकण्यापासून सुरू केलेली, पुढे स्वतः गेम बनवायला लागली आणि विचर मालिकेने जगभर नाव झालं. पोलंडमध्ये ही नुसती कंपनी नाही, अभिमानाचा विषय आहे. २०११ मध्ये ओबामा तिकडे गेले तेव्हा पंतप्रधान डोनाल्ड टुस्क यांनी त्यांना ज्या भेटी दिल्या त्यात विचर २ पण होता. गेमर्समध्ये तर ह्यांची इमेज एकदम आपला माणूस. कॉपी प्रोटेक्शनच्या भानगडीशिवाय गेम विकणार, विचर ३ नंतर छोटे छोटे डीएलसी, म्हणजे गेमचे जादा भाग, फुकट वाटणार, ट्विटरवर गमतीजमती करणार. ह्या इमेजचा मुद्दा मी मुद्दाम आणतोय कारण जी कंपनी सगळ्यांना आवडते तिच्याबद्दल वाकडा प्रश्न विचारणारा पत्रकार लोकांना शत्रू वाटतो, आणि इथे नेमकं तेच झालं.

सायबरपंकची घोषणा २०१२ ची. २०१८ च्या ई३ ह्या गेम्सच्या मोठ्या प्रदर्शनात जवळपास ४५ मिनिटांचा डेमो बंद दाराआड पत्रकारांना दाखवला, २०१९ ला हॉलिवूडच्या कियानू रीव्ह्जला स्टेजवर आणलं आणि तारीख सांगितली, १६ एप्रिल २०२०. मग ती सप्टेंबरवर गेली, मग नोव्हेंबरवर, आणि 'गेम गोल्ड झाला' म्हणजे डिस्क छापायला गेली असं जाहीर केल्यावरसुद्धा ऑक्टोबरच्या शेवटी पुन्हा तीन आठवडे पुढे. गोल्ड झाल्यावर तारीख ढकलतात ह्याचा अर्थ काहीतरी जळतंय, हे तेव्हाच कळायला हवं होतं. पण हाईप एवढी होती की तारीख पुढे गेली म्हणून डेव्हलपर्सना जिवे मारायच्या धमक्या आल्या आणि 'का ढकलली' हा प्रश्न तसाच राहिला.

ह्या सगळ्यात पहिलं कामाचं पत्रकारितेचं काम गेमबद्दल नव्हतंच, गेम बनवणाऱ्या माणसांबद्दल होतं. २०१९ मध्ये पत्रकार जेसन श्रायर तेव्हा कोटाकू ह्या गेमिंग साइटमध्ये होता आणि कंपनीच्या बड्या मंडळींनी त्याच्याशी बोलताना सांगितलं की आम्ही क्रंच सक्तीचा करणार नाही, माणुसकीने वागू. क्रंच म्हणजे रिलीजच्या आधी महिनोन् महिने रात्र-रविवार न बघता काम करायला लावणं, आयटीवाल्यांना वेगळं सांगायची गरज नाही. सप्टेंबर २०२० मध्ये ह्याच श्रायरने, आता ब्लूमबर्ग ह्या आर्थिक बातम्यांच्या संस्थेतून, स्टुडिओतला अंतर्गत ईमेल समोर आणला की आठवड्याचे सहा दिवस काम सक्तीचं झालंय. म्हणजे दिलेला शब्द मोडला. स्टुडिओचे प्रमुख अॅडम बडोव्स्की यांनी त्यावर, हा निर्णय फार अवघड होता, ओव्हरटाइमचे पैसे मिळतायत, नफ्याचा १० टक्के वाटा टीमला देऊ, असं सांगितलं. पुढच्या महिन्यात गुंतवणूकदारांच्या कॉलवर कंपनीचे सहप्रमुख अॅडम किचिन्स्की क्रंचबद्दल 'तेवढं काही वाईट नाहीये' छापाचं बोलून गेले आणि नंतर स्टाफची माफी मागायची वेळ आली.

लोकांची प्रतिक्रिया काय? बऱ्याच जणांची, 'मग काय झालं, आम्ही पण शनिवारी जातो कामाला.' ही आपल्याकडची पण टिपिकल प्रतिक्रिया. पण ही बातमी कामगारांच्या हालांची तर होतीच, शिवाय गेम तयार नाहीये ही पण तीच बातमी होती. सहा दिवसांचा आठवडा लावायची वेळ येते ते काम संपत आल्यावर नाही, काम हाताबाहेर गेल्यावर. वाचणाऱ्यांनी ती 'पत्रकाराची खुन्नस' म्हणून वाचली आणि प्री-ऑर्डर दाबली.

आता येतो रिव्ह्यूचा भाग, आणि इथे जरा तपशिलात जातो कारण सगळा खेळ इथेच आहे.

मोठ्या गेमचा रिव्ह्यू कसा होतो हे बहुतेकांना माहीत नसतं. रिलीजच्या काही दिवस आधी कंपनी पत्रकारांना कोड देते, म्हणजे फुकट डाउनलोडची चावी. सोबत अटी येतात. अमुक तारखेच्या अमुक तासापर्यंत एक अक्षर छापायचं नाही, हा एम्बार्गो. कथेतला अमुक भाग फोडायचा नाही. ह्यात तसं काही पाप नाही, एम्बार्गोमुळे सगळ्यांना सारखा वेळ मिळतो आणि घाईघाईत कच्चा रिव्ह्यू टाकायची चढाओढ थोडी कमी होते. पण सायबरपंकला दोन गोष्टी वेगळ्या होत्या. कोड दिले ते फक्त पीसीचे. आणि रिव्ह्यूच्या व्हिडिओत स्वतः खेळताना रेकॉर्ड केलेलं फुटेज रिलीजपर्यंत दाखवायचं नाही, कंपनीने दिलेलंच फुटेज वापरायचं. म्हणजे रिव्ह्यूअर तोंडाने सांगतोय 'बग खूप आहेत' आणि मागे स्क्रीनवर चाललंय कंपनीचं गुळगुळीत, निवडून काढलेलं चित्र. बघणारा डोळ्यांवर विश्वास ठेवणार की कानांवर? बिल्डर सॅम्पल फ्लॅट दाखवून बुकिंग घेतो त्यातलाच प्रकार, फक्त इथे सॅम्पल फ्लॅट फिरवून दाखवायचं काम पत्रकारांच्या गळ्यात मारलं होतं.

आणि आपल्याकडच्या वाचकाला तर ह्या रिव्ह्यूंचा उपयोग जवळजवळ शून्य होता. पीएस५ भारतात आला २ फेब्रुवारी २०२१ ला. म्हणजे डिसेंबर २०२० मध्ये पुणे असो, नागपूर असो की पणजी, प्लेस्टेशन म्हणजे पीएस४, फार तर पीएस४ प्रो, एखाद्याने बाहेरून मागवला असेल तर सोडा. पीसीवर स्टीम ह्या ऑनलाइन दुकानात गेमची किंमत २,९९९ रुपये, आणि रिव्ह्यूत म्हटलंय तसा गेम चालवायचा तर जे ग्राफिक्स कार्ड लागतं ते किती घरात असणार. महागड्या पीसीवर बसून लिहिलेलं 'नव्वदी'चं मत वाचून सात वर्षं जुन्या डिझाइनच्या कन्सोलवर गेम घेणारा माणूस, ह्या दोघांमध्ये जी दरी आहे ती भरणं हेच तर रिव्ह्यूचं काम ना.

पत्रकारांची चूक कुठे झाली ते स्पष्ट बोलू. बऱ्याच साइट्सनी रिव्ह्यूत 'आम्हाला फक्त पीसीचा कोड मिळाला' हे लिहिलं होतं, नाही असं नाही. पण ते लिहिलं होतं मजकुरात कुठेतरी, आणि आकडा मात्र वर ठळक. लोक आकडा वाचतात. ज्या गोष्टीमुळे आकड्याचा अर्थच बदलतो ती आकड्याच्या शेजारी, तेवढ्याच मोठ्या अक्षरात पाहिजे होती. 'कन्सोलचा गेम आम्हाला दाखवलेला नाही, तिथे घेऊ नका, थांबा' एवढी एक ओळ हेडलाइनमध्ये असती तर कित्येकांचे पैसे वाचले असते. कोड नाकारायला पाहिजे होते असं काही जण म्हणतात, मला ते तितकंसं पटत नाही, एका साइटने नाकारला तर पुढची साइट घेते आणि पहिल्या दिवसाचा सगळा ट्रॅफिक तिकडे जातो, पगार त्याच ट्रॅफिकवर होतात. पण अट मान्य करणं वेगळं आणि अट झाकून ठेवणं वेगळं.

त्यातूनही जे वेगळं बोलले त्यांचं काय झालं बघा. गेमस्पॉट साइटच्या कॅली प्लेग हिने १० पैकी ७ दिले. सात! नापास नाही, शून्य नाही. त्यावर तिला जे शिव्याशाप झाले ते अजून गेम हातात न आलेल्या लोकांकडून झाले, कारण रिलीजला तीन दिवस बाकी होते. बाई आहे म्हणून अजून जास्त, हे वेगळं सांगायला नको. नंतर गेम आल्यावर तेच सात किती उदार होते असं लोक म्हणायला लागले, पण तोपर्यंत तिला ऐकायचं ते ऐकून झालं होतं.

आणि आता ह्या प्रकरणातली माझ्या मते सगळ्यात मोलाची गोष्ट, जी कुठल्याही स्कोअरमध्ये बसत नाही. गेम इन्फॉर्मर मासिकाची लियाना रुपर्ट हा गेम रिलीजआधी खेळत होती आणि तिला स्वतःला अपस्मार आहे. गेममध्ये ब्रेनडान्स नावाचा प्रकार आहे, डोक्यावर एक हेडसेट चढवून दुसऱ्याच्या आठवणी बघायच्या, आणि तो सुरू होताना डोळ्यांसमोर लाल-पांढरे दिवे भराभर लुकलुकतात. खेळताना तिला मोठी फिट आली, आणि पुन्हा येईल की काय अशी वेळ अजूनही आली. तिने लिहिलं की हे दिवे ज्या पद्धतीने लुकलुकतात ते, फिट आणून निदान करायला न्यूरॉलॉजिस्ट जे उपकरण वापरतात त्याच्याशी फार मिळतंजुळतं आहे. एम्बार्गो उठला त्याच दिवशी, ७ डिसेंबरला, तिने वेगळा लेख टाकला, कुठल्या कुठल्या प्रसंगात धोका आहे, बार आणि क्लबमधले दिवे कुठे आहेत, कुठे नजर बाजूला करायची, सगळं सांगणारा. एक चांगला शेजारी जसं सांगेल तसं, आरडाओरडा न करता.

कंपनीकडे साधी सूचना नव्हती का? लायसन्सच्या लांबलचक मजकुरात होती, जी कोण वाचतं. लेखानंतर कंपनीने तिचे आभार मानले, गेममध्ये ठळक इशारा टाकायचं कबूल केलं, आणि रिलीजनंतर लगेच आलेल्या १.०४ पॅचमध्ये ते दिवेच बदलले. एका पत्रकाराच्या एका लेखामुळे चार-पाच दिवसांत हे झालं. किती लोकांची फिट टळली हे कुणी मोजू शकत नाही, पण टळली असणार.

आणि ह्याचं बक्षीस म्हणून काय मिळालं तिला? लोकांनी तिला मुद्दाम लुकलुकणाऱ्या दिव्यांचे व्हिडिओ पाठवले, फिट यावी म्हणून. हे वाचून डोकं सुन्न होतं. एका गेमचं कौतुक कमी होऊ नये म्हणून माणूस इथपर्यंत जातो.

रिलीजनंतरचं मग भराभर झालं. कन्सोलचे कोड पत्रकारांना ८ डिसेंबरपासून द्यायला सुरुवात झाली होती, म्हणजे रिव्ह्यू छापून झाल्यावर आणि दुकान उघडायच्या दोन दिवस आधी. डिजिटल फाउंड्रीसारख्या मंडळींनी, जे लोक फ्रेम मोजण्यातच मुरलेले आहेत, साध्या पीएस४ वर गेम सेकंदाला २० फ्रेमच्याही (चित्रांच्याही) खाली जातो हे आकड्यांसकट दाखवलं, ३० म्हणजे कमीत कमी धरतात तिथे. आयजीएन ह्या गेमिंग साइटने पीसीला ९ दिले होते, जुन्या कन्सोलसाठी वेगळा रिव्ह्यू करून ४ दिले. एकाच गेमला, एकाच साइटने. ओपनक्रिटिकने तर गेमच्या पानावरच सूचना लावली की कंपनीने जुन्या कन्सोलवरची खरी अवस्था हेतुपुरस्सर लपवल्याचा आम्हाला आणि काही समीक्षकांना संशय आहे. रिव्ह्यूंची नुसती बेरीज-भागाकार करणारी साइट असं लिहिते तेव्हा प्रकरण किती पुढे गेलंय समजा.

१४ डिसेंबरला कंपनीने माफी मागितली, पैसे परत हवे असतील तर मागा म्हणाले, आणि त्यासाठी जो ईमेल दिला त्याचं नाव होतं 'हेल्प मी रिफंड'. गंमत अशी की सोनीशी आधी काही ठरवलेलंच नव्हतं, त्यामुळे लोक प्लेस्टेशनच्या सपोर्टला गेले तर तिकडचे नियमावर बोट ठेवून नाही म्हणत होते. मग सोनीने सगळ्यांना रिफंड जाहीर केला आणि गेमच स्टोअरवरून उतरवला, तो परत आला २१ जून २०२१ ला. मायक्रोसॉफ्टने गेम ठेवला, पण इशारा लावून. कंपनीचा शेअर महिन्याच्या सुरुवातीला ४०० झ्लॉटीच्या (पोलंडचं चलन) वर होता तो महिनाअखेरीस ३०० च्या खाली.

ह्यात कंपनीची स्वतःची दोन वाक्यं शेजारी शेजारी ठेवून बघा. नोव्हेंबरच्या शेवटी किचिन्स्की गुंतवणूकदारांना सांगतात की जुन्या कन्सोलवर गेम, एवढं मोठं जग असूनही, आश्चर्य वाटावं इतका चांगला चालतोय. १४ डिसेंबरच्या कॉलवर तेच सांगतात की जुन्या कन्सोलसाठी अजून वेळ हवा आहे हे इशारे आम्ही दुर्लक्षित केले. मधे जेमतेम तीन आठवडे. हे दोन्ही कॉल गुंतवणूकदारांसाठी होते हे लक्षात घ्या, खरं-खोटं जे काय ते आधी त्यांना सांगितलं जातं आणि गेम घेणारा ते पत्रकाराने तिथून उचलून आणलं तरच वाचतो. कंटाळवाणे कॉल ऐकत बसणं हे पण ह्या धंद्यातलं काम आहे, स्कोअर देण्यापेक्षा जास्त महत्त्वाचं.

जानेवारी २०२१ मध्ये सहसंस्थापक मार्चिन इविन्स्की व्हिडिओवर येऊन माफी मागून गेले, दोष टीमचा नाही आमचा म्हणाले, पण असंही म्हणाले की आमच्या चाचण्यांमध्ये लोकांना दिसले त्यातले बरेच प्रॉब्लेम दिसलेच नव्हते. तीनच दिवसांनी श्रायरचा मोठा रिपोर्ट आला, वीसहून जास्त आजी-माजी कर्मचाऱ्यांशी बोलून लिहिलेला. त्यात सगळा उलगडा होता: घोषणा २०१२ ची असली तरी गेमवर पूर्ण ताकदीने काम सुरू झालं २०१६ च्या अखेरीस, २०१८ चा तो प्रसिद्ध डेमो जवळजवळ सगळा बनावट होता, आणि आतल्या लोकांना गेम तयार नाही हे दिसत होतं. बडोव्स्कींनी ट्विटरवर उत्तर दिलं की दोन वर्षं आधीचा डेमो हा असाच असतो, आणि ५०० च्या वर लोकांमधल्या वीस जणांशी बोलून सगळ्यांचं मत ठरवू नका. त्यांच्या बोलण्यात अगदीच तथ्य नाही असं नाही, ट्रेड शोचे डेमो बरेचदा तसेच असतात. पण २०१८ ला तो डेमो बघून बाहेर आलेल्या पत्रकारांनी जे भारावून लिहिलं त्यात 'आम्ही फक्त बघितलं, हातात कंट्रोलर कुणाच्याच नव्हता' हे किती ठळक होतं? तिथूनच सुरुवात झाली होती.

आता ह्या सगळ्यात काय दिसतं. कोड, मशीन, फुटेज, तारीख ह्या चारही गोष्टी कंपनीच्या हातात होत्या आणि ह्या चौकटीत राहून जे लिहिलं गेलं ते सगळ्यात कमी उपयोगाचं ठरलं. उपयोगाचं ठरलं ते कंपनीने अटी लिहिताना ज्याचा विचारच केला नव्हता ते. सहा दिवसांचा आठवडा, हेडसेटचे दिवे, मोजलेल्या फ्रेम, वीस जणांच्या मुलाखती. श्रायर ब्लूमबर्गमध्ये होता ह्यालाही अर्थ आहे, त्या संस्थेचं पोट गेमच्या जाहिरातींवर आणि कोडवर नाही. फक्त गेमवर चालणाऱ्या साइट्सचं तसं नसतं. २००७ मध्ये गेमस्पॉटने जेफ गर्स्टमनला काढलं तेव्हा त्याने ज्या गेमला ६ दिले होते त्याच्याच जाहिरातींनी साइट रंगलेली होती, आणि नोकरी जायचं एक कारण तेच हे तो स्वतः उघडपणे बोलू शकला २०१२ ला. २०१५ मध्ये कोटाकूने लिहिलं की आधीच फुटलेल्या बातम्या छापल्या म्हणून बेथेस्डा आणि युबिसॉफ्ट ह्या गेम कंपन्यांनी आपल्याला वाळीत टाकलंय. तर 'सगळे विकले गेलेत' नाही, सगळे रांगेत उभे असतात, आणि रांगेतून बाहेर काढायचा अधिकार कंपनीकडे असतो, हे जास्त खरं आहे.

आपल्या मराठी पेपरांचं म्हणाल तर तिथे ही रांगसुद्धा नाही. गेम्स बातमीत येतात ते पबजीवर बंदी आली की, सप्टेंबर २०२० सारखं, नाहीतर कुठल्या पोराने आईच्या खात्यातून पैसे उडवले की. तीन-चार हजारांची वस्तू घेणाऱ्या ग्राहकाचा प्रश्न म्हणून कोणी बघत नाही. मोबाइलचा, गाडीचा रिव्ह्यू येतो, गेमचा नाही.

पुढे सायबरपंक सुधारला, हे पण सांगायला हवं. सप्टेंबर २०२३ मध्ये २.० अपडेट आला, पाठोपाठ फँटम लिबर्टी हा गेमचा नवा विकतचा भाग, आणि आज कुणी विचारलं तर मी बिनधास्त घे म्हणेन. फँटम लिबर्टी पीएस४ साठी काढलाच नाही, म्हणजे तिथे हा गेम चालत नाही हे शेवटी कंपनीनेच मान्य केल्यासारखं झालं. अमेरिकेत शेअरहोल्डर्सनी केलेला दावा १८.५ लाख डॉलरवर मिटला.

अपस्माराचा तो इशारा जिथे छापला गेला त्या गेम इन्फॉर्मरचं मात्र वेगळंच झालं. १९९१ पासून चाललेलं मासिक, गेमस्टॉप ह्या दुकानांच्या साखळीच्या मालकीचं, २ ऑगस्ट २०२४ ला एका दिवसात बंद केलं आणि साइटवरचे सगळे जुने लेख पण गायब, लिंक दाबली की निरोपाचं पत्र. मार्च २०२५ मध्ये ते परत सुरू झालं, जुने लेखही परत आले, जुनी टीमही बरीचशी आली. ह्यावेळी विकत घेणारी कंपनी आहे गन्झिला, जी स्वतः गेम बनवते. संपादकांच्या कामात आम्ही पडणार नाही असं त्यांनी जाहीर केलंय. तेव्हा ह्या लोकांचा पुढचा मोठा गेम येईल त्या दिवशी त्याचा रिव्ह्यू गेम इन्फॉर्मरवर काय येतो, आणि 'मालक हेच आहेत' ही ओळ आकड्याच्या शेजारी असते की खाली बारीक अक्षरात, ते मी तरी आधी बघणार आहे.